बालकांचे लसीकरण : लाभ आणि धोका यांचा ताळेबंद

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड, सोनपेठ, पाथरी या भागांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. तान्ही लेकरे बरोबर असतात. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या मात्रा, तसेच नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस पुष्कळदा याच काळात येते. नवराबायको मिळून एक कोयता. लेकराला ताप आला की कोयत्याचे काम अडते व रोज बुडतो. तेव्हा पालकांच्या कचरण्याला निव्वळ अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. तो एक हिशेब आहे. मात्र त्याच्या दोन्ही बाजू पूर्ण मांडल्या पाहिजेत.

लस टोचल्यावर एकदोन दिवस ताप येणे, जागा सुजणे हे नेहमीचे आहे. गोवराच्या लशीनंतर तापामुळे झटके येण्याचा प्रसंग सुमारे तीन-चार हजार मात्रांमागे एखादा असतो. जीवघेणी प्रतिक्रिया दहा लाख मात्रांत सुमारे एक. ती बहुधा लवकरच दिसते, म्हणून अर्धा तास केंद्रावर थांबवतात. उलट प्रत्यक्ष गोवर झालेल्या हजार बालकांत सुमारे एकाच्या मेंदूला सूज येते. आणि कुपोषित बालकाला त्यातून होणारा न्युमोनिया प्राणघातक ठरतो.

तथापि हा तोल कायमचा नसतो. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातील पहिली देवीची लस टोचण्यात आली. देवीच्या उग्र प्रकारात दर दहा रोग्यांपैकी सुमारे तीन दगावत. पहिल्यांदा लस टोचलेल्या दहा लाखांत सुमारे एक. भारतातील शेवटचा देशांतर्गत रोगी १९७५ मध्ये आढळला, १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झाले, आणि मग तेवढाही धोका पत्करण्याचे कारण उरले नाही. लस बंद झाली. पोलिओच्या थेंबांनीही क्वचित पक्षाघात होतो. नैसर्गिक पोलिओचा भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. त्यानंतर २०१५ पासून इंजेक्शनची लस जोडली गेली व एप्रिल २०१६ मध्ये थेंबांतून दुसऱ्या प्रकारचा विषाणू वगळला गेला. धोका लपवून नव्हे, मोजून कमी केला जातो.

गोवराची स्थिती मात्र तशी नाही. २०२२ मध्ये मुंबईत त्याची मोठी साथ उद्भवली. एक रोगी बारा ते अठरा असंरक्षितांना बाधा देऊ शकतो. म्हणून सुमारे ९५ टक्के बालकांना दोन्ही मात्रा मिळाव्या लागतात. ऊसतोडीच्या कोप्यांत नऊ महिन्यांखालील मूलही असते. त्याचे रक्षण शेजारच्या लसवंत लेकरांवरच अवलंबून असते.

सारांश, लसीकरणाचे कार्ड बरोबर नेल्यास उरलेली मात्रा मुक्कामाजवळच्या कोणत्याही सरकारी केंद्रात मिळू शकते. किरकोळ सर्दीसाठी ती टाळू नये. मागील मात्रेनंतर तीव्र प्रतिक्रिया झाली असल्यास मात्र डॉक्टरांना आधी सांगावे. एका दिवसाचा रोज आणि लेकराचे आयुष्य यांची तुलना करताना पालकांच्या हाती खरे आकडे असावेत, इतकेच अगत्याचे आहे.