मांगूर कुणाच्या तळ्यातला?

सकाळी 6.30, धर्मापुरी. मासेवाल्या मावशींनी पाटी उतरवली. वर रोहू, चिलापी. तळाशी दोन मांगूर, अजून जिवंत. हा मासा थेट हवेतून श्वास घेतो, पाण्याबाहेर तासन्‌तास तग धरतो. "पावसाचं पाणी आलं की वढ्याला येत्यात," मावशी म्हणाल्या. जात आफ्रिकेची. देशात ती पाळायला 2000 पासून बंदी. म्हणजे हे दोघं बहुधा कुणाच्या तरी तळ्यातून निसटलेले.

6.45. संशोधक ताई उकिडवी बसली. कात्री ज्योतीवर धरली, गार केली. शेपटीच्या परातून नखाएवढा तुकडा कापला आणि इथेनॉलच्या कुपीत टाकला. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहिली, शाई इथेनॉलमध्ये पसरते. दुसऱ्या माशाआधी कात्री पुन्हा जाळली, नाहीतर पहिल्याचा डीएनए दुसऱ्यात जाईल. मावशींना माशामागे वीस रुपये दिले, स्वतःच्या पर्समधून.

8.00. एसटी. बाईमाणूस म्हणून अर्धं तिकीट, तेवढाच आधार. नेट परीक्षेतून संशोधन शिष्यवृत्तीला पात्र ठरलेल्यांना सुरुवातीला महिना 37,000 रुपये मिळतात. हिचं प्रकल्पाचं मानधन त्याहून कमी, तेही तीन-तीन महिने थकतं.

11.00. प्रयोगशाळा. तुकडे बारीक करून विकराच्या द्रावणात, 56 अंशांवर. तीन तास. तोवर भाकरी-ठेचा, आणि कालच्या नळ्या धुणं.

2.30. नळ्या गरगर फिरवल्या. वरचं पाणी दुसऱ्या नळीत काढून त्यात थंडगार अल्कोहोल ओतलं. पांढरे तंतू दिसू लागले. हाच डीएनए. ती नळी उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिली.

4.00. पीसीआर, म्हणजे डीएनएतल्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं. 94 अंश, 54, मग 72; अशी 35 चक्रं. वीज गेली तर पहिल्यापासून. आज गेली नाही.

7.00. जेलवर पट्टी उमटली. सुमारे 655 अक्षरांचा हा तुकडा वाचायला बाहेर पाठवायचा, नमुन्यामागे काही शे रुपये. त्यातून प्रजाती पक्की होईल. पण हा तुकडा मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकाचा, तो फक्त आईकडून येतो. संकर असेल तर बाप कळत नाही. त्यासाठी केंद्रकातल्या खुणा तपासाव्या लागतात. आणि तळं शोधायचं तर त्या तळ्यातल्या माशांचे नमुने हवेत. नॉर्वेत पिंजऱ्यातून सॅमन पळाले की आसपासच्या पिंजऱ्यांतले मासे घेऊन डीएनए जुळवतात. इथं बंदीतल्या माशाचा पर कोण आपणहून देईल?

मत्स्यव्यवसाय विभाग छापे घालून मांगूर खड्ड्यात पुरतो. पुरण्याआधी प्रत्येक तळ्यातल्या वीस-तीस माशांच्या परांचे तुकडे इथेनॉलमध्ये ठेवावेत, कुपीवर तळ्याचं नाव घालून, पेन्सिलीनं.