जळक्या वासामागे अडलेला वारा

अमेरिकेत मुलाकडे राहायला गेलेल्या आईवडिलांना तिथली एक रीत हमखास खटकते. बाहेर लख्ख ऊन, आणि कपडे मात्र घरातल्या यंत्रात गरगर फिरत वाळतायत! दोरी बांधायची म्हटली, तर अनेक वसाहतींचे नियम आडवे येतात. मग ड्रायरशी जुळवून घ्यावंच लागतं. तो वर्षानुवर्षं निमूट काम करतो, पण एखाद्या दिवशी कपडे चटका बसावा इतके तापून निघतात, नाहीतर खोलीभर करपल्याचा वास सुटतो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळाचा आढावा घेतला, तेव्हा तिथल्या घरांत ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे २,९०० भरल्या. आगीला कारणीभूत ठरलेल्या गोष्टींत ‘साफसफाई न करणं’ ३४ टक्क्यांसह सर्वांत वर होतं.

साफसफाईचा आणि आगीचा संबंध कळायला ड्रायर वाळवतो कसा, हे पाहावं लागेल. वॉशिंग मशीनने पिळून काढलेल्या मोठ्या खेपेतही दोन-तीन लिटर पाणी उरलेलं असतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे तीन लिटरांना जवळपास दोन युनिट वीज. कपडे ओले असेपर्यंत ही उष्णता पाणीच गिळतं. त्यामुळे आत पाच किलोवॅटची कॉइल लालबुंद झालेली असली, तरी कपडे फारसे तापत नाहीत. मात्र तयार झालेली वाफ बाहेर जायला हवी. त्यासाठी पंखा ड्रममधून हवा ओढतो, ती जाळीतून गाळून घेतो आणि चार इंची पाइपातून घराबाहेर फेकतो. हा वारा मंदावला की वाफ ड्रममध्येच कोंडते, कपडे दमट राहतात आणि कॉइलची उष्णता तिच्याच पेटीत साठत जाते. म्हणून ‘ड्रायर फार तापतोय’ अशी तक्रार आली, की जाणता मेकॅनिक हीटरच्या आधी पाइप तपासतो.

वारा अडवते ती कपड्यांचीच लव. टॉवेल, बनियन, चादरी यांचे तुटके तंतू जाळीवर साचून करड्या गादीसारखा थर धरतात. अख्खी चादर सहजासहजी पेट घेत नाही. तिचेच तंतू सुटे झाले आणि मध्ये हवा खेळू लागली, की एक ठिणगी पुरते. जाळी प्रत्येक खेपेनंतर साफ केली तरी थोडी लव पुढे निसटतेच. ती पाइपाच्या वळणांवर बसते, बाहेरच्या झडपेत अडकते. त्यात यंत्र भिंतीला रेटून ठेवल्याने मागचा पाइप चेपला असेल, तर बघायलाच नको. अमेरिकेतल्या बांधकाम नियमावलीत या पाइपाची सर्वसाधारण मर्यादा ३५ फूट आहे. प्रत्येक काटकोनी वळणामागे त्यातले पाच फूट वजा होतात. पाइप आतून गुळगुळीत, धातूचा हवा. प्लॅस्टिकचा नको, कारण तो स्वतःच पेटतो.

यंत्रात राखणदार असतात. नेहमीचा थर्मोस्टॅट हीटर चालू-बंद करत राहतो, पेटीजवळचा दुसरा थर्मोस्टॅट मर्यादा ओलांडली की हीटरची वीज तोडतो, आणि सगळ्यात शेवटी थर्मल फ्यूज. अनेक मॉडेलांत तो ९० अंश सेल्सिअसच्या आसपास कायमचा तुटतो. काही बहाद्दर अशा वेळी तारेचा तुकडा लावून फ्यूज ‘डायरेक्ट’ करतात. फ्यूज उडतो तो बहुधा वारा अडल्यामुळे. तो डायरेक्ट केला, की तापणाऱ्या यंत्राला थांबवणारा शेवटचा गडीही गेला.

कधी मूळ रचनेतच खोट असते. व्हर्लपूल कंपनीने नोव्हेंबर २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या हॉटपॉइंट, इंडेसिट आदी ड्रायरांबद्दल इशारा दिला. त्यांत साचलेली लव थेट हीटरपर्यंत पोहोचू शकत होती. ऑगस्ट २०१६ मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातल्या एका टोलेजंग इमारतीत अशाच ड्रायरमुळे आग लागली. न दुरुस्त झालेली यंत्रं परत मागवायला मात्र २०१९ उजाडलं.

ड्रायर बंद झाल्यावरही धोका टळतोच असं नाही. स्वयंपाकघरातली तेलकट फडकी आणि मालिशचे टॉवेल धुतल्यावरही थोडं तेल धरून राहतात. जवस, करडई, सूर्यफूल यांच्या तेलांचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो आणि त्यातून उष्णता निघते. गरम कपड्यांचा घट्ट ढीग केला, की ही उष्णता आतच कोंडते, संयोगाचा वेग वाढतो आणि ढीग काही तासांनी आपोआप धुमसू लागतो. खोबरेल तेल या बाबतीत बरंच सौम्य. ड्रायर शेवटची काही मिनिटं थंड हवा सोडतो, ती पूर्ण होऊ द्यायची ती यासाठीही. तेल मुरलेली फडकी मात्र ड्रायरमध्ये घालूच नयेत.

वासावरूनही थोडा अंदाज येतो. कापूस करपल्याचा वास आला, तर हीटरजवळ लव गेली असावी. जळक्या रबराचा वास बहुधा ड्रमच्या घसरत्या पट्ट्याचा. प्लॅस्टिक वितळल्यासारखा उग्र वास आला, तर वायर किंवा प्लग तापलाय. वास कुठलाही असो, यंत्र बंद करून प्लग काढायचा आणि कारण सापडेपर्यंत पुन्हा लावायचा नाही. आत ज्वाळा दिसल्या, तर दार उघडू नये, कारण आगीला ताजी हवा मिळते. घराबाहेर पडून अग्निशमन दलाला बोलवावं.

पावसाळ्यात मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये कामाला येणाऱ्या वॉशर-ड्रायरला बहुतेकदा बाहेरचा पाइप नसतो. तो वाफ आतच थंड करून तिचं पाणी करतो. लव मात्र तिथेही साचते, म्हणून माहितीपुस्तिकेत सांगितलेली सफाई चुकवू नये.

नाकाला कळण्याआधी घड्याळाला कळतं. तेवढेच कपडे वाळायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागू लागला, एका फेरीचं काम दोन फेऱ्यांवर गेलं, की वारा कुठेतरी अडतोय असं समजावं. यंत्र चालू असताना बाहेर जाऊन झडपेसमोर हात धरा. वारा जोरात लागत नसेल, तर पुढची खेप लावण्याआधी पाइप साफ करून घ्या.