गुराख्याविना कळप

(लेखमाला ‘नदीचा काठ’ : लेखांक ६)

गाय गवत ओढून तोडते, घोडा ते कातरतो. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती जिभेने गवताचा झुपका वेढून ओढते, म्हणून चार बोटं गवत मागे उरतं. घोड्याला वर-खाली दोन्हीकडे दात. तो पार जमिनीलगत चरतो. नेदरलँड्समध्ये नायमेखेन शहराजवळ, वाल नदीच्या काठी मिलिंगरवार्ड नावाचं रान आहे. तिथली जमीन गेली तीसेक वर्षं या दोन तऱ्हांच्या चरण्यातून घडते आहे.

मागच्या लेखांकात बांधांनी आवळलेली ऱ्हाइन आपण पाहिली. वाल ही तिचीच सर्वांत मोठी शाखा. नदी आणि मुख्य बांध यांच्यामधल्या पूरपट्ट्यात डच शेतकरी खतं घालून एकसुरी गवत वाढवत, मका लावत. पुरांनी शतकानुशतकं आणलेल्या चिकणमातीखाली जुने प्रवाह गाडले गेले होते. १९८६ मध्ये सहा जणांनी एका स्पर्धेसाठी आराखडा मांडला : शेती बांधापलीकडे न्यावी, पूरपट्टा नदीला परत द्यावा. त्याचं नाव ‘प्लान ओइव्हार’, म्हणजे करकोच्याचा आराखडा. नदीकाठच्या रानातून दिसेनासा झालेला काळा करकोचा परतावा, ही त्यामागची आस. खर्चाचं कोडंही त्यांनी सुरेख सोडवलं. विटांच्या भट्ट्यांना माती हवीच असते. मग खोल खड्डे न करता, खालच्या वाळूचे चढउतार सांभाळत, वरचा चिकणमातीचा थर तेवढा काढायचा. माती भट्टीला जाते आणि गाडलेले प्रवाह उघडे पडतात.

पण उघड्या ओल्या जमिनीवर विलो, म्हणजे आपल्या वाळुंजाचा जातभाई, बघता बघता माजतो आणि त्याची दाट झाडी पुराचं पाणी अडवते. इथे जनावरं कामाला येतात.

पोलंडकडचे कोनिक घोडे आणि स्कॉटलंडच्या गॅलोवे गाई थंडी-पाऊस उघड्यावर काढतात. त्यांना ना गोठा, ना गुराखी. कळपही विरळ, साधारण दोन-तीन हेक्टरला एक जनावर. खरी गोम या विरळपणात आणि बारमाही चरण्यात आहे. उन्हाळ्यात गवत इतकं वाढतं की सगळं खाऊन संपत नाही. फुलं फुलतात, बी धरतं, फुलपाखरांना आसरा मिळतो. हिवाळ्यात चारा आटला की हीच जनावरं काटेरी झुडपं, विलोचे कोंब आणि साली ओरबाडतात. एखादा तुकडा गालिच्यासारखा होतो, शेजारचा कमरेएवढा वाढतो. घोडे लोळतात तिथे वाळू उघडी पडते आणि रानमधमाश्या बिळं करतात. काटेरी जाळीत उगवलेलं ओकचं रोप जनावरांच्या तोंडातून वाचतं. शेणाचीही वेगळी दुनिया असते, मात्र गुरांना जंतावर दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन शेणात उतरून शेणकिड्यांच्या अळ्या मारतं. म्हणून अशा कळपांत ते टाळावंच लागतं.

या वाटेवर ठेचही लागली आहे. ओस्टफाडर्सप्लासन हे नेदरलँड्समधलंच, सुमारे ५,६०० हेक्टरांचं कुंपणबंद रान. १९८३ मध्ये तिथे हेक जातीच्या ३२ गाई सोडल्या. पुढे कोनिक आणि लाल हरणं आली. संख्या पाच हजारांवर गेली आणि २०१७-१८ च्या हिवाळ्यात तीन हजारांहून जास्त जनावरं दगावली. उपासमारीने खंगलेल्या बहुतेकांना गोळी घालावी लागली. बाहेर पडायला वाट नसताना सारं निसर्गावर सोपवणं ही चूकच होती. प्रांतिक सरकारने नंतर संख्येला मर्यादा घातली. नदीकाठच्या रानांत जादा जनावरं वेळीच हलवली जातात किंवा मांसासाठी काढली जातात. पुरात कळपाला चढता यावं, म्हणून उंचवटेही राखलेले असतात.

१९९५ च्या पुराच्या भीतीने नेदरलँड्सच्या नदीखोऱ्यांतून सुमारे अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली. त्यानंतर ‘नदीला जागा’ हे सरकारचंच धोरण झालं आणि तीसहून अधिक ठिकाणी त्यानुसार कामं केली गेली. मिलिंगरवार्डच्या परिसरात १९९४ पासून एल्ब नदीकाठचे बीव्हर सोडण्यात आले. ते तिथे स्थिरावले आणि पसरले. या रानात पायवाट सोडून मनसोक्त हिंडायला मुभा आहे. फक्त कळपापासून अंतर राखायचं आणि जनावरांना काहीही खाऊ घालायचं नाही.

(पुढील लेखांकात : बीव्हरचे बांध)