तारप्याची रात्र आणि शाळेचे वेळापत्रक (लेखांक सातवा)

फ्रान्समधल्या रेन या शहरात गुरुवारची रात्र विद्यार्थ्यांची असते. ब्रिटनी प्रांतातले हे प्रमुख शहर; वस्ती दोन लाखांवर, आणि विद्यार्थीच साठ हजारांवर. गुरुवारच का, तर शुक्रवारी तास संपले की बरीच मुले आपापल्या गावी जातात, म्हणून सगळ्यांनी एकत्र जमायची शेवटची संध्याकाळ गुरुवारचीच उरते. त्या रात्री सँ मिशेलची गल्ली आणि तिथले बार गजबजून जातात. 2005 च्या सुमारास या गर्दीवरून विद्यार्थी आणि पोलीस यांच्यात खटके उडू लागले, तेव्हा तिथल्या नगरपालिकेने केवळ पोलिसांवर भागवले नाही. गुरुवारीच, रात्रीच्याच वेळी, तिने शहरातल्या सार्वजनिक जागा खुल्या करून दारूविना कार्यक्रम सुरू केले. तरुणांची रात्र कोणती हे त्यांच्या दिवसाच्या कामावरून ठरते, आणि त्या कामाच्या वेळापत्रकाशी जुळणारी करमणूकच टिकते, एवढे यातून ध्यानात घ्यावे. डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या रात्रींचे जे झाले आहे, ते समजायला हीच दिशा उपयोगी पडते.

आगर, नरपडपासून बोर्डीपर्यंतची बंदरपट्टी सोडून पूर्वेला जंगलपट्टीतल्या वारली आदिवासींच्या पाड्यांत शिरले की रात्रीच्या करमणुकीचे मुख्य नाव तारपा. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा, आणि सांधे बुजवायला मेण. वाजवणारा नाकाने श्वास घेत गालांतली हवा नळीत सोडत राहतो, म्हणून सूर तुटत नाही. तो मधोमध, आणि भोवती एकमेकांच्या कमरेत हात गुंफलेल्या पोरापोरींची साखळी. पुढे घुंगुरकाठी आपटणारा. तारपकरी वळला की साखळी वळते, त्याने चाळा, म्हणजे वाजवण्याची चाल, बदलला की पावले बदलतात. तारप्याकडे पाठ करायची नाही, हा दंडक. भात पिकू लागल्यापासून दिवाळीपर्यंत हा हंगाम चालतो. दिवसा शेताचे काम, म्हणून नाच रात्रीचा. आणि रात्र मोठी, म्हणून कोणी मध्येच येऊन साखळीत शिरतो, कोणी दमला की बाहेर पडून बसतो. येथे प्रेक्षक नावाचा वेगळा वर्ग नाही. हीच या रात्रीची खरी श्रीमंती मला वाटते. तिकीट नाही, निवड नाही, आणि तरुण मुलामुलींना सगळ्या पाड्यासमोर, उघडपणे एकमेकांच्या सहवासात येण्याची मुभा आहे. रेनमधला विद्यार्थी गुरुवारी जे शोधायला घराबाहेर पडतो, त्यातले बरेचसे येथे अंगणातच होते.

मग ही रात्र विरळ का होत चालली? मोबाइल आला, डीजे आला, हे उत्तर तोंडावर असते. ते खोटे नाही, पण त्याआधीचे एक कारण कॅलेंडरात आहे. साखळीत शिरण्याचे जे वय, तेच आज आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात आहे. भादवा-आश्विनात पाड्यावर तारपा वाजतो तेव्हा मूल पंधरा-वीस कोस दूर असते आणि सहामाही परीक्षेची तयारी करत असते. दिवाळीची सुट्टी लागून ते घरी पोहोचते तोवर हंगाम उतरणीला लागलेला असतो. पालघर, बोईसरकडे शिकायला जाणाऱ्यांची तीच गत. 2013 पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येते, पण स्टेशनवरून पुढे पाड्यावर नेणारी शेवटची एसटी गेली की रात्र संपली. साताठ हंगाम असे हुकले की पावले बसतच नाहीत, आणि पावले न बसलेला माणूस साखळीबाहेर उभा राहतो. त्याला आपण मग ‘आवड उरली नाही’ असे म्हणतो.

आवड उरली नाही, हा आक्षेप तरी तपासून पाहावा. याच आश्विनात, याच तालुक्यांच्या गावांत नवरात्राचा गरबा रात्री रंगतो, आणि त्यात तरुणांची कमतरता नसते. गुजरात शेजारीच असल्याने तो येथे उपरा नाही, आणि त्याच्याविरुद्ध माझी तक्रारही नाही. पण मध्यभागी काहीतरी ठेवून त्याभोवती रात्री नाचण्याची हौस संपलेली नाही, हे तो दाखवून देतो. फरक सोयींचा आहे. गरब्याला मैदान आहे, मंडळ आहे, आणि कायद्यातली सवलतही आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत 2010 मध्ये दुरुस्ती झाली आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धकाबरोबर वाद्यांनाही बंदी आली. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस, तेही मध्यरात्रीपर्यंत, राज्याला सूट देता येते आणि तीत नवरात्रातल्या काही रात्री येतात. वीज न लागणारा भोपळ्याचा तारपा आणि भिंतीसारखे रचलेले स्पीकर या नियमाच्या शब्दांत एकाच रांगेत बसतात. तारप्याच्या नावाने सवलत मागायला मात्र कोणी मंडळ जात नाही.

तारप्याला आता देशभर मान आहे, तो रंगमंचावर पोहोचला आहे, तेव्हा चिंता कशाची, असेही म्हटले जाते. मान खराच आहे. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांमुळे वारली जगणे दूरवर गेले. 1989 मध्ये पॅरिसमधल्या ‘मॅजिसियँ द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांचे काम होते. आज तारप्याचे ते वर्तुळ साड्यांवर, भिंतींवर, रेल्वे स्टेशनांवर दिसते. पण चित्रातले वर्तुळ पाहण्यासाठी असते, अंगणातले शिरण्यासाठी. स्वागतसमारंभाच्या मंचावर दहा मिनिटे मिळतात, समोर पाहुणे बसतात, आणि त्यांना चेहरे दिसावेत म्हणून साखळी उघडून अर्धगोल करावी लागते. त्यातून कलाकारांना चार पैसे मिळतात, तेवढे ते योग्यच. नव्या मुलाची पावले मात्र तेथे बसत नाहीत, कारण न येणाऱ्याला मंचावर जागा नसते.

सर्वांत गंभीर आक्षेप पालकांचा आणि शिक्षकांचा आहे : रात्रीच्या जमावात दारू येते, मुलींची काळजी वाटते, आणि पहिल्या पिढीतल्या शिकणाऱ्या मुलाची एक रात्रही वाया जाऊ नये. ही काळजी मी हलकी मानत नाही. ताडी आणि मोहाच्या दारूने घरे बसलेली आहेत. पण मुलीला धोका कोठे अधिक, याचा विचार करावा : वडीलधाऱ्यांच्या देखत चालणाऱ्या अंगणात, की कोणाचेच लक्ष नसलेल्या वाटेवर? नाच हे मागासपणाचे लक्षण, असे मानणाऱ्यांना इतिहासाचे उत्तर पुरेसे आहे. 1945 मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीने ज्या वारल्यांनी तलासरी-डहाणूत जमीनदाराची वेठ नाकारली, त्यांनी तारपा टाकून दिला नाही. माणूस म्हणून ताठ उभे राहणे आणि रात्री नाचणे यांत त्यांना विरोध दिसला नाही.

आणि शिक्षणाने वेळापत्रक वाकवावे, ही मागणी या मातीत नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत काम सुरू केले आणि 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी कुरणशाळा काढली. शाळाच गुरांमागे गेली. त्याच तालुक्यांतल्या वसतिगृहांना आश्विनातल्या चार शनिवारी आवारात तारपा वाजू देणे अशक्य नाही. जवळच्या पाड्यावरचा तारपकरी मानधन देऊन बोलवावा, पालकांना बोलवावे, दारूला फाटकाबाहेर ठेवावे. दहानंतरच्या परवानगीचा अर्ज आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयानेच जिल्हाधिकाऱ्यांकडे करावा. स्पर्धा, परीक्षक आणि बक्षीस एवढे मात्र टाळावे, कारण बक्षीस आले की पावले न येणारी मुले पुन्हा बाहेर बसतील. पुढच्या आठवड्यात चैत्र पौर्णिमेपासून भरणारी विवळवेढ्याची महालक्ष्मीची यात्रा पाहू. तेथे रात्रीचा बाजार आणि रात्रीची करमणूक यांचे गणित वेगळे आहे.