पाण्याला काय विचारायचं?

पाणी चांगलं की वाईट, हे ओळखायची आपली रीत जुनी आहे. पेला उजेडात धरायचा, वास घ्यायचा, घोटभर चाखायचं. मशिदीच्या हौदावर वजू करताना आम्हा मुलांनाही हेच सांगितलं जायचं: रंग, वास, चव. तिन्हींत फरक नाही, तर हौदाचं पाणी पाक. पाणवठ्यावरच्या बायाबापड्यांची कसोटी याहून वेगळी नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या ती पुरली. आता मात्र कारखान्यांतून अशी कित्येक रसायनं पाण्यात उतरतात, की ना रंग बदलतो, ना वास, ना चव.

उत्तर इटलीत वेनेतो नावाचा प्रांत आहे. तिथल्या त्रिसिनो गावात १९६० च्या दशकापासून एक रासायनिक कारखाना चालत असे. तो बनवत असलेल्या रसायनांच्या कुळाला ‘पीफास’ म्हणतात. पाणी, तेल, डाग चिकटू न देणं हा त्यांचा गुण. म्हणून बिनचिकट तवे, रेनकोट, आग विझवायचा फेस अशा कामांसाठी ती वापरली गेली. त्यांचा दोष एवढाच, की ती निसर्गात सहजी मोडत नाहीत. कारखान्यातून ती भूजलात झिरपली आणि तिथून नळात आली. नळाच्या पाण्याची तपासणी त्या वर्षांतही होत होती. पण तपासायच्या यादीत पीफास नव्हतं. संशोधकांनी मुद्दाम शोध घेतला, तेव्हा २०१३ साली हा प्रकार उघडकीस आला. तोवर सुमारे साडेतीन लाख लोकवस्तीच्या पाण्याला त्याची झळ पोचली होती. याच कुळातल्या ‘पीएफओए’ला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०२३ मध्ये कर्करोगकारक ठरवलं. जून २०२५ मध्ये विचेन्झाच्या न्यायालयानं या प्रकरणी ११ जणांना दोषी धरलं.

इटलीची ही कहाणी आपल्याला कशाला, असं कुणी विचारील. त्या कारखान्याचं २०१८ मध्ये दिवाळं निघालं. पुढे त्याची यंत्रसामग्री विकली गेली आणि ती आली आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात, लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत. मी कोकणातला माणूस. यंत्रं आली म्हणजे विषही पाण्यात आलं, असा निवाडा मी देत नाही. तो मोजूनच द्यायचा असतो. म्हणून तर मोजायला हवं.

आणि मोजण्यातली खरी मेख इथेच आहे. प्रयोगशाळा विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देते. ‘पिण्यास योग्य’ हा शेरा तपासलेल्या घटकांपुरताच असतो. नेहमीच्या तपासणीत सामू, क्षार, कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड, जंतू पाहतात. कारखान्यांतून येणारी द्रावकं, जड धातू यांची तपासणी बहुधा वेगळी मागावी लागते. पिण्याच्या पाण्याचं आपलं २०१२ चं मानक, आयएस १०५००, शिशाला लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आणि पाऱ्याला ०.००१ मिलिग्रॅमची मर्यादा घालतं. पीफासचं नाव त्यात नाही. अमेरिकेनं २०२४ मध्ये पीएफओएसाठी मर्यादा ठरवली, ती लिटरमागे ४ नॅनोग्रॅम. म्हणजे किती? दहा हजार लिटरचे साडेबाराशे टँकर उभे करा आणि त्या सगळ्या पाण्यात मिळून एक थेंब टाका. तो थेंब हुडकायला मास स्पेक्ट्रोमीटरसारखं महागडं यंत्र लागतं. घरोघरी दिसणारा टीडीएस मीटर विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज सांगतो. त्यातलं मीठ कोणतं आणि विष कोणतं, हे त्याला कळत नाही.

नमुना घेणं ही निम्मी तपासणी. प्रत्येक विषाची बाटली निराळी. उडून जाणाऱ्या द्रावकांसाठी काचेची कुपी काठोकाठ भरायची, आत बुडबुडाही राहता कामा नये. धातूंसाठी प्लॅस्टिकची बाटली आणि त्यात नायट्रिक आम्ल. पीफाससाठी टेफ्लॉनचं झाकण चालत नाही, कारण टेफ्लॉन त्याच कुळातलं. घरच्या नळजोडातून शिसं येतं का हे पाहायचं, तर रात्रभर थांबलेलं पहिलं पाणी घ्यायचं. तेव्हा शीतपेयाची रिकामी बाटली भरून नेण्याआधी प्रयोगशाळेकडूनच बाटली मागून घ्यावी.

‘आम्ही उकळून पितो’ म्हणणाऱ्यांनाही एक सांगायचंय. उकळल्यानं जंतू मरतात. शिसं आणि पीफास भांड्यातच राहतात आणि पाणी आटलं की उलट दाट होतात. रिव्हर्स ऑस्मोसिसचं यंत्र बरंचसं अडवतं, पण ते साऱ्या गावाला परवडणारं नाही.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत किंवा नगरपालिकेत पाण्याचा अहवाल मागा आणि नुसता शेरा वाचून परत फिरू नका. नमुना कधी घेतला, कुठून घेतला, कशाकशासाठी तपासला, एवढं विचारा. आपल्या नदीच्या वरच्या अंगाला कोणता कारखाना काय बनवतो, हेही विचारा आणि त्या रसायनाचं नाव तपासणीच्या यादीत आहे का, ते पाहा. नसेल तर ते लिहून द्या. वेनेतोत तो प्रश्न विचारायला पन्नासेक वर्षं लागली.