शेत राखणारीं घरें

देवळाली म्हटलें कीं पुष्कळांना नाशिकजवळची छावणी आठवते. आज मी जिच्याविषयीं बोलणार आहें ती देवळाली निराळी. पूर्वींच्या अहमदनगर आणि २०२४ पासून अहिल्यानगर या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यांत, राहुरी तालुक्यांत, देवळाली प्रवरा नांवाचें एक लहानसें शहर आहे. त्याला स्वतःची नगरपरिषद आहे, बाजारपेठ आहे आणि सभोंवार उंसाचे मळे आहेत. अशा शहरानें वाढावें कसें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. प्रश्न एका गांवाचा दिसला, तरी पाटाच्या पाण्यावर पोसलेल्या महाराष्ट्रांतील कोणत्याहि गांवाला तो लागू पडेल.

या भागांत वर्षाचा पाऊस सरासरीनें ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोहि बेभरवशाचा. १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें, प्रवरेच्या कालव्यांना पाणी आलें आणि बाजरी-ज्वारीच्या मुलखांत ऊंस उभा राहूं लागला. तेव्हां येथील जमीन ही केवळ निसर्गाची देणगी नव्हे. धरण, कालवा, चाऱ्या, विहिरी, बांधबंदिस्ती यांच्या रूपानें जवळजवळ शंभर वर्षांचा पैसा आणि श्रम तिच्यांत मुरलेले आहेत. अशा जमिनीवर एकदां घर उभें राहिलें कीं तेथें पुन्हां पीक येत नाहीं. माळरानावर बांधलेल्या घराची चूक कदाचित् सोसवते. बागायतीवर पसरलेल्या वस्तीची चूक पुढच्या पिढ्यांना भरून काढतां येत नाहीं.

आतां ही वस्ती पसरते कशी तें पाहूं. शेताची बिनशेती होते, दोन-दोन गुंठ्यांचे प्लॉट पडतात आणि प्रत्येक प्लॉटवर यथावकाश एक बंगली उठते. माझें ऐकणाऱ्यांपैकीं कित्येकांनीं पुण्यामुंबईंत राहून गांवाकडे असा एखादा प्लॉट घेऊन ठेवला असेल. त्यांत गैर कांहीं नाहीं. पण हिशेब मात्र करून पाहावा. एक हेक्टर म्हणजे सुमारे शंभर गुंठे. त्यांतून रस्ते आणि मोकळ्या जागा यांसाठीं चाळीस गुंठे वगळले, तर साठ गुंठ्यांत तीस प्लॉट होतात. म्हणजे शंभर कुटुंबांना सुमारे सव्वाआठ एकर जमीन लागली.

तींच शंभर कुटुंबें तळमजला धरून चार मजली इमारतींत राहिलीं तर काय होतें? प्रत्येक कुटुंबास जिना आणि भिंती धरून ७० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ७५० चौरस फूट, बांधकाम देऊं. एकूण ७,००० चौरस मीटर झालें. तें चार मजल्यांवर वाटलें म्हणजे जमिनीवर केवळ १,७५० चौरस मीटर, साडेसतरा गुंठेच, झांकले जातात. अडीच एकरांत शंभर कुटुंबें सुखानें राहून, रस्ते वजा जातां अंगणासाठीं व झाडांसाठीं पुष्कळ जागा उरते. आणि पावणेसहा एकर मळा वांचतो. यासाठीं आकाशाला भिडणारे मनोरे उभारावे लागत नाहींत, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. राष्ट्रीय इमारत संहिता १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारतीला उंच इमारत मानते. आपली इमारत बारा मीटरांतच संपते.

ही राहणी आपल्याला परकी आहे, असेंहि नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला आणि दाट, अंधाऱ्या वस्त्यांचें भय सर्वांना कळलें. १८९८ सालीं सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें आखलेल्या दादर-माटुंग्याच्या भागांत रुंद रस्ते, झाडें, बागा आणि बेताच्या उंचीच्या इमारती यांचा मेळ घातला गेला. १९१५ सालीं गांवदेवींत श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकारानें सारस्वत सहकारी गृहसंस्था निघाली, आणि मध्यमवर्गीय कुटुंबांनीं एकत्र येऊन आपलीं घरें आपण बांधण्याचा पायंडा पडला. उलट, १९२० नंतर सरकारी विकास खात्यानें ज्या बी. डी. डी. चाळी बांधल्या त्याहि तळमजल्यावर तीन मजल्यांच्याच होत्या. परंतु मधून बोळ, दोहों बाजूंना सुमारें १६० चौरस फुटांची एकेक खोली आणि सामाईक संडास! उंची तीच असून एका ठिकाणीं बिऱ्हाड सुखावलें आणि दुसऱ्या ठिकाणीं कोंडलें. तेव्हां सगळी मदार आंखणीवर आहे.

ती आंखणी कशी असावी? प्रथम दिशा पाहावी. देवळाली प्रवरा सुमारें साडेएकोणीस अक्षांशावर आहे. तेथें उन्हाळ्यांत भर दुपारीं सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तर डिसेंबरांत तो दक्षिणेस कलून क्षितिजापासून सुमारें ४७ अंशांवर येतो. म्हणून इमारतीच्या लांब बाजू उत्तरेकडे व दक्षिणेकडे कराव्यात. दक्षिणेच्या खिडकीवर बेताचा छज्जा काढला, कीं उन्हाळ्याचें ऊन बाहेर राहतें आणि हिवाळ्याचें कोवळें ऊन आंत येतें. संध्याकाळचें पश्चिमेचें ऊन मात्र छज्ज्याला जुमानीत नाहीं. त्या अंगाला जिना, न्हाणीघर, कोठीची खोली ठेवावी. दोन इमारतींत अंतर किती असावें, याचेंहि उत्तर सूर्यच देतो. बारा मीटर उंच इमारतीची डिसेंबरांतील दुपारची सांवली सुमारें अकरा मीटर पडते. उंचीइतकें अंतर सोडलें, तर तळमजल्यावरील म्हातारीलाहि थंडींत उन्हाला बसतां येईल.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. मधल्या बोळाच्या दोन्ही अंगांना घरें बसविलीं, कीं प्रत्येक घराला एकच मोकळी बाजू मिळते. त्याऐवजीं एका जिन्याला मजल्यागणिक दोनच घरें ठेवावीं. मग प्रत्येक घराला समोर आणि मागें खिडक्या मिळतात, वारा आरपार खेळतो आणि स्वयंपाकाचा धूर घरांत कोंडत नाहीं. आपल्या वाड्यांतील चौकाचें तत्त्व याहून निराळें नव्हतें.

तिसरी गोष्ट पायाची. काळी कपाशीची जमीन पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते आणि उथळ पायावरच्या भिंतींना तडे पाडते. त्यासाठीं पाया खालच्या मुरुमापर्यंत न्यावा लागतो. किंवा रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनें प्रचारांत आणलेले, तळाशीं फुगीर असे काँक्रीटचे खांब जमिनींत खोलवर उतरवावे लागतात. दोन्ही उपाय खर्चाचे. एकेकट्या बंगलीचा मालक हा खर्च टाळूं पाहतो, आणि पुढें भिंतींची डागडुजी करीत बसतो. चार घरें एकावर एक असलीं, कीं एक पक्का पाया चौघांना वांटून घेतां येतो. तीच गोष्ट छपराची. गच्चीवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी केली, तर वरच्या घराचा तापहि बराच कमी होतो.

पाण्याच्या बाबतींत मात्र भाबडी आशा बाळगूं नये. साडेसतरा गुंठ्यांच्या गच्च्यांवर ५०० मिलिमीटर पाऊस पडला, तर गळती वजा जातां सुमारें सात लाख लिटर पाणी हातीं लागेल. शंभर कुटुंबांतील पांचशें माणसें दरडोई शंभर लिटर पाणी वापरूं लागलीं, तर तें चौदा दिवसांत संपेल. तेवढ्यानें वर्ष निघत नाहीं; पण तें गाळून विहिरींत मुरविलें, तर विहिरीचें आयुष्य वाढतें. खरी बचत नळांच्या आणि गटारांच्या लांबींत आहे. सव्वाआठ एकरांत पसरलेल्या वस्तीपेक्षां अडीच एकरांतील वस्तीला पाणी पोंचविणें आणि तिचें सांडपाणी एके ठिकाणीं आणून शुद्ध करणें नगरपरिषदेला कितीतरी सोपें जातें.

आक्षेप येतील, आणि ते रास्त आहेत. 'माझें अंगण, माझी तुळस, माझें छप्पर' ही भावना खोटी नाहीं. मजला तीन मीटरांचा आणि पायरी १५ सेंटिमीटरांची धरली, तर वरच्या मजल्यावर जायला साठ पायऱ्या चढाव्या लागतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ही शिक्षाच होय. म्हणून तळमजल्यावरील कांहीं घरें वृद्धांसाठीं राखावीं आणि पुढें लिफ्ट बसवितां येईल एवढी जागा जिन्यापाशीं आरंभींच सोडावी. ज्याला गुरें बांधावयाचीं आहेत, अवजारें ठेवावयाचीं आहेत, त्या शेतकऱ्याचें घर मळ्यांतच शोभतें. त्याला मजल्यावर चढविण्याचा आग्रह कोणी धरूं नये. शिक्षक, दुकानदार, कारखान्यांतील नोकर, निवृत्त होऊन परतणारे पेन्शनर यांच्यासाठीं हा विचार आहे. जिना झाडायचा कोणी, टांकी धुवायची कोणी, हें भांडणहि ठरलेलेंच. परंतु ज्या जिल्ह्यांत लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील यांनीं धनंजयराव गाडगीळांच्या साह्यानें शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास उभा केला, त्या जिल्ह्याला आठ घरांचा जिना सांभाळणें अवघड वाटूं नये.

शेवटीं एक सावधगिरीची सूचना. बार्सिलोना शहराची वाढ आंखतांना १८५९ सालीं इल्देफोन्स सेर्दा यानें प्रत्येक चौकाच्या पोटांत बाग ठेवली होती. पुढें जमीनमालकांच्या लोभापायीं नियम सैल झाले आणि बहुतेक बागांवर बांधकामें चढलीं. आपल्याकडे डिसेंबर २०२० मध्यें आलेली एकत्रिकृत नियमावली ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर दहा टक्के मोकळी जागा सोडण्यास सांगते. ती कागदावर दाखवून पुढें तेथें शेड ठोकली, तर वांचविलेल्या मळ्याच्या बदल्यांत आपण दुसरी चाळच पदरांत घेतली असें होईल.

म्हणून गांवीं घर घेण्याचा विचार करणाऱ्यांनीं दर चौरस फुटाचा भाव विचारण्यापूर्वीं चार प्रश्न विचारावेत. इमारतीचें तोंड कोणत्या दिशेला आहे? घराला दोन्ही बाजूंनीं खिडक्या आहेत काय? पाया कशावर टेकला आहे? आणि मोकळी जागा कोणाच्या नांवावर आहे? विचारणारीं माणसें वाढलीं, कीं बांधणारेहि तसें बांधूं लागतील, आणि देवळाली प्रवरेच्या वेशीबाहेरचा ऊंस आणखी कांहीं पिढ्या जागेवर राहील.