लहान मुलांचा सुटींतील प्रवास

उन्हाळ्याची सुटी लागली कीं घरोघर प्रवासाचे बेत सुरू होतात, आणि त्या बेतांत लहान मुलें असतातच. मुलांस चार ठिकाणें दाखवावीं ही आईबापांची हौस चांगलीच आहे. परंतु हा प्रवास कोणाच्या मापानें आंखावयाचा, मोठ्यांच्या कीं लहानांच्या, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. मीं आयुष्यभर शाळेंत मुलें सांभाळलीं, त्यांच्या सहली नेल्या. तरीहि हा प्रश्न मला सुचला नव्हता. तो मला माझ्या तीन वर्षांच्या नातवानें शिकविला. ती हकीकत प्रथम सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं मे महिन्यांत माझी मुलगी आपल्या दोन मुलांना घेऊन देवपुरास माहेरीं आली होती. नात सहा वर्षांची, नातू तीन वर्षांचा. मीं बेत ठरविला: पहिल्या दिवशीं अजिंठा, दुसऱ्या दिवशीं वेरूळ व दौलताबाद, तिसऱ्या दिवशीं घर. कागदावर हा बेत मोठा सुबक दिसत होता. धुळ्याहून पारोळा, एरंडोल करीत जळगांव सुमारें ९० किलोमीटर, आणि तेथून अजिंठा आणखी ६० किलोमीटरच्या घरांत. पहांटे निघावयाचें ठरलें होतें. निघतां निघतां आठ वाजले. फर्दापूरच्या फांट्यावरून लेण्यांपर्यंत नेणाऱ्या बसमधून आम्ही उतरलों, तेव्हां सूर्य माथ्यावर आला होता.

अजिंठ्याचीं लेणीं वाघूर नदीच्या कांठीं, घोड्याच्या नालासारख्या वळलेल्या कड्यांत कोरलेलीं आहेत. वैशाखांत तो काळा कातळ तव्यासारखा तापतो. मी मात्र मास्तरकीच्या भरांत होतों. १८१९ सालीं जॉन स्मिथ नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यास शिकारीच्या निमित्तानें हीं लेणीं कशीं दिसलीं, १९८३ सालीं त्यांची जागतिक वारशांत गणना कशी झाली, सर्व सांगत पुढें चाललों होतों. नातू कडेवर होता. तो प्रथम रडला, मग गप्प झाला. मीं मुलीस म्हटलें, "बघ, कसा शहाणा झाला!"

श्रोतेहो, तें शहाणपण नव्हतें. सतराव्या लेण्यापाशीं मुलगी घाबऱ्या आवाजांत म्हणाली, "नाना, यानें सकाळपासून लघवी केलेली नाहीं." मीं पाहिलें. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले, आणि तोंड रडवेलें असूनहि डोळ्यांत पाण्याचा थेंब नाहीं. शेजारीं बसलेल्या प्रवाशांत एक परिचारिका बाई होत्या. त्यांनीं मुलास सावलींत घेतलें, अंगांतील कपडे काढले, ओल्या पंचानें अंग पुसलें, जलसंजीवनीची पुडी लिटरभर पाण्यांत विरघळविली व तें पाणी चमच्या-चमच्यानें पाजलें. दोन तासांनीं मूल लघवीस गेलें, तेव्हां आमच्या जिवांत जीव आला. सायंकाळीं जळगांवास डॉक्टरांना दाखविलें व दुसऱ्या दिवशीं आम्ही घरीं परतलों.

असें कां झालें, तें नंतर मीं समजून घेतलें. लहान मुलाचें शरीर म्हणजे आपल्या शरीराची छोटी प्रत नव्हे. वजनाच्या मानानें त्याच्या कातडीचा विस्तार अधिक असतो; म्हणून बाहेरची उष्णता त्यास लवकर तापविते. त्यास घाम कमी येतो, म्हणून अंग निवण्यास वेळ लागतो. अंगांतील पाण्याचा सांठाहि लहान. तो लवकर उतरतो. आणि सर्वांत मोठी अडचण ही कीं, तहान लागल्याचें तें सांगत नाहीं. खानदेशांत मे महिन्यांत पारा ४३-४४ अंशांवर जाणें नवलाचें नाहीं. अशा वेळीं मूल मागेल तेव्हां पाणी देऊं म्हणणें चुकीचें आहे. अर्ध्या अर्ध्या तासानें दोन घोट आपणच पाजले पाहिजेत. मात्र सहा महिन्यांखालील बाळास वरचें पाणी न देतां आईचें दूधच वरचेवर पाजावें.

जलसंजीवनीचें मर्म मोठें सुंदर आहे. आंतड्याच्या अस्तरांत साखर व मीठ एकमेकांच्या सोबतीनें आंत शिरतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी ओढलें जातें. नुसत्या पाण्यानें हें काम तितक्या वेगानें होत नाहीं. १९७१ सालीं बांगलादेशाच्या युद्धांत लाखों निर्वासित बंगालमध्यें आले. बनगांवच्या छावणींत पटकीची साथ पसरली व शिरेंतून द्यावयाचें सलाईन संपत आलें. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठसाखरेचें पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हातून रोग्यांस पाजविलें. मृत्यूचें प्रमाण सुमारें ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आंत आलें. या डॉक्टरांस २०२३ सालीं मरणोत्तर पद्मविभूषण मिळालें. तीच पुडी आज कोणत्याहि औषधाच्या दुकानांत थोड्या पैशांत मिळते. पुडीवर लिहिलें असेल तितक्याच स्वच्छ पाण्यांत ती संपूर्ण विरघळवावी. चिमटीनें थोडी थोडी घालूं नये. केलेलें पाणी २४ तासांनंतर टाकून द्यावें. पुडी नसल्यास एक लिटर पाण्यांत सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा सपाट लहान चमचा मीठ घालावें. मूल ओकल्यास दहा मिनिटें थांबून पुन्हां हळूहळू पाजावें. परंतु गुंगी, झटके, सतत वांति, किंवा पाणी पिणेंच न जमणें, यांपैकीं कांहीं दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडतां १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

दुसरी अडचण गाडी लागण्याची. दोन वर्षांखालील मुलांस ती क्वचित् होते. शाळेच्या वयांत ती फार आढळते. कानाच्या आंतील तोल सांभाळणारें इंद्रिय सांगतें कीं आपण हलत आहों. पुस्तकांत किंवा मोबाइलच्या पडद्यावर खिळलेले डोळे सांगतात कीं आपण स्थिर आहों. या दोन साक्षींच्या विरोधानें मळमळतें. म्हणून मुलास पुढील बाजूस खिडकीशीं बसवावें, दूरचे डोंगर दाखवावे, आणि निघण्यापूर्वीं पोटभर तळलेलें खाऊं घालूं नये. दशमी, केळें, चुरमुरे पुरेत.

तिसरी गोष्ट झोंपेची. रेल्वेंत पांच वर्षांखालील मुलास वेगळी जागा मागितली नाहीं तर तिकीट लागत नाहीं. पांच ते बारा वर्षांच्या मुलास स्वतंत्र जागा हवी असल्यास २०१६ पासून पूर्ण भाडें पडतें. तें वांचविण्याचा मोह होतो. परंतु रात्रभर अवघडलेलें मूल दुसऱ्या दिवशीं कांहींच पाहत नाहीं. रात्रीच्या लांबच्या प्रवासांत तो खर्च करावा, नाहींतर प्रवासच जवळचा आंखावा.

चौथी गोष्ट मूल चुकण्याची. यात्रेंत व स्थानकावर एका क्षणांत मूल दिसेनासें होतें. त्याच्या खिशांत आईबापांचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी घालावी. त्यास आपलें पूर्ण नांव, गांव व आईचें नांव पाठ करवावें. आणि एकच नियम शिकवावा: चुकल्यास जेथें आहेस तेथेंच उभा राहा. मूल शोधीत फिरलें आणि आपणहि शोधीत फिरलों, तर भेट लांबते. मदतीसाठीं मुलांचा १०९८ व रेल्वेचा १३९ हे क्रमांक घरांतील प्रत्येकानें लक्षांत ठेवावे.

आतां मूळ प्रश्नाकडे येतों. माझ्या लहानपणीं आजोळीं जावयाचें तर बैलगाडी जुंपीत. चांदण्या मावळण्यापूर्वीं निघत. ऊन चढलें कीं विहिरीजवळच्या निंबाखालीं बैल सोडीत. भाकरी खात, झोंप काढीत, आणि उन्हें कललीं कीं पुढें जात. ती विश्रांति बैलांसाठीं होती, पण तिचा लाभ आम्हां मुलांस होई. आजच्या वाहनास दुपार बाधत नाहीं, म्हणून आपण दुपारीं थांबत नाहीं. आणि आंत बसलेल्या मुलास ती बाधते हें विसरून जातों. आपला वेग वाढला, मुलाची शक्ति आहे तेवढीच राहिली.

त्या फसलेल्या प्रवासाहून परततांना नात मला म्हणाली, "आजोबा, त्या चार हरणांना एकच डोकें कां हो?" मीं चकित झालों. पहिल्या लेण्यांतील एका खांबाच्या माथ्यावर शिल्पकारानें एकाच डोक्यास हरणांचीं चार धडें जोडलीं आहेत. कोणतेंहि धड पाहावें, डोकें त्याचेंच वाटतें. माझ्या व्याख्यानाच्या नादांत मी तें दाखविण्याचें विसरलों होतों. तिनें तें आपलें आपण शोधलें होतें, आणि मीं तिला तेथें दोन मिनिटेंहि उभें राहूं दिलें नव्हतें.

त्याच वर्षीं डिसेंबरांत आम्ही पुन्हां गेलों. आदल्या रात्रीं जळगांवास मुक्काम केला. सोमवारीं लेणीं बंद असतात म्हणून मंगळवार धरला. सकाळच्या थंड वेळेंत फक्त दोन लेणीं पाहिलीं. नातीनें पोटभर हरणें पाहिलीं; दुसऱ्या लेण्याच्या छतावरील हंस दोघां भावंडांनीं बोटांनीं मोजले, प्रत्येकाची संख्या निराळी आली व त्यावरून भांडणहि झालें. ऊन तापण्यापूर्वीं आम्ही वाघूरच्या कांठीं झाडाखालीं डबा सोडला. पुढील लेणीं राहिलीं. त्यांची घाई नाहीं; तीं तेथें दीड-दोन हजार वर्षें उभीं आहेत.

तेव्हां श्रोतेहो, येत्या सुटींत बेत कराल तेव्हां त्यांतील निम्मीं ठिकाणें आधींच खोडून टाका, आणि जीं उरतील तीं मुलांच्या पावलानें पाहा.